बावीस वर्षांनंतरचा चौथा अल्बम



स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला बजावले होते, "शाळेच्या आठवणी नकोत, त्या भरपूर आल्या आहेत. तुझ्या आवडीचे काहीतरी लिही." माझी आवड तुमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. गेली वीस-बावीस वर्षे मी इंग्लंडमधल्या एका बँडची गाणी ऐकतो आणि त्याच्याविषयी मिळेल ते वाचतो. बँडचे नाव स्लोडाइव्ह.

या बँडचा इतिहास आपल्या बॅचच्या स्मरणिकेत शोभेल असे मला वाटते, त्याला दोन कारणे आहेत. लहानपणच्या ओळखीतून हा बँड उभा राहिला, मोडला, आणि जवळजवळ वीस वर्षांनी तीच माणसे पुन्हा एकत्र आली, हे पहिले कारण. दुसरे असे, की १९९३ साली आपला दहावीचा निकाल लागला, त्याच वर्षी त्यांचाही एक निकाल लागला होता. तो नापासाचा होता. तो निकाल का लागला आणि पुढे कसा फिरला, ते सांगतो.

ड्रीम पॉप म्हणजे काय?

आपण वाढलो ते भावगीतांवर. आपल्याकडे गाण्यात शब्द पहिला. बाबूजींच्या गाण्यातले अक्षर न् अक्षर आपल्या आजीलाही कळायचे, आणि एखादा शब्द नीट ऐकू आला नाही तर तो गायकाचा दोष मानला जायचा. ड्रीम पॉपमध्ये नेमके उलटे असते. इथे गायकाचा आवाज वाद्यांच्या मागे, कधी वाद्यांच्या पोटात ठेवलेला असतो. शब्द अर्धे कळतात, अर्धे कळत नाहीत. मन रमते ते त्या सगळ्या नादाच्या गुंजनात.

हा नाद तयार होतो इलेक्ट्रिक गिटारमधून. वादकाच्या पायाशी छोट्या छोट्या डब्या असतात, त्यांना पेडल म्हणतात. एका पेडलने सुराला देवळाच्या गाभाऱ्यासारखा घुमारा येतो, दुसऱ्याने तोच सूर प्रतिध्वनीसारखा पुन्हा पुन्हा उमटतो, तिसऱ्याने तो फाटतो, खरखरीत होतो. दोन-तीन गिटारी अशा एकत्र वाजल्या की कुठला सूर कोणाचा हे ओळखू येत नाही. आपल्याला हा अनुभव अगदीच परका नाही. तानपुऱ्याची जवारी छान लागली असेल तर चार तारांतून न छेडलेले सूरही ऐकू येऊ लागतात आणि खोली भरून जाते. तो तानपुरा मागे न ठेवता पुढे आणला आणि गायकाला त्याच्या आत बसवले, तर जे होईल, त्याच्या जवळपास हे संगीत जाते.

या संगीताची वाट स्कॉटलंडमधल्या ग्रँजमाउथ गावच्या कॉक्टो ट्विन्स या बँडने १९८० च्या दशकात घातली. एलिझाबेथ फ्रेझर ही त्यांची गायिका अनेकदा अर्थ न लागणारे शब्दच गात असे. 'ड्रीम पॉप' हे नाव मात्र लंडनच्या ए. आर. केन या बँडमधल्या अ‍ॅलेक्स अयुली यांनी रूढ केले असे मानतात. पुढे गिटारींचा गोंगाट वाढवणारे तरुण बँड आले. ते वाजवताना सतत पायाशी असलेल्या पेडलांकडे बघत, म्हणून वृत्तपत्रांनी त्यांना 'शूगेझ' म्हणजे बुटांकडे बघत बसणारे असे नाव दिले. ते नाव चेष्टेतून आले होते. स्लोडाइव्ह याच पिढीतला.

रेडिंगची पोरे

लंडनच्या पश्चिमेला टेम्स नदीच्या काठी रेडिंग नावाचे शहर आहे. नील हॉलस्टेड आणि रेचेल गॉसवेल या दोघांची तिथे अगदी लहानपणापासून मैत्री होती. दोघेही गिटार वाजवत आणि गात. १९८९ मध्ये त्यांनी हा बँड सुरू केला. निक चॅप्लिन हा बेस गिटारवर आला. तिसऱ्या गिटारसाठी त्यांनी जाहिरात दिली आणि त्यात मुलगी हवी असे लिहिले. ख्रिश्चन सॅव्हिल या मुलाने पत्र पाठवले, गरज पडली तर मी फ्रॉक घालून येतो. त्याला घेतले. ड्रमवर दोन-तीन जण येऊन गेले आणि शेवटी सायमन स्कॉट स्थिर झाला.

त्यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणावरूनच क्रिएशन रेकॉर्ड्स या लंडनच्या कंपनीने त्यांना करारबद्ध केले. अ‍ॅलन मॅगी हे तिचे प्रमुख. कंपनी स्वतंत्र होती, पण तरुणांत तिची मोठी पत होती. करार झाला तेव्हा ही मुले विशीच्या आसपासची होती. १९९० आणि १९९१ मध्ये त्यांच्या तीन छोट्या तबकड्या आल्या. प्रत्येकीत तीन-चार गाणी. संगीताच्या साप्ताहिकांनी त्यांचे भरभरून कौतुक केले.

आता पूर्ण लांबीचा अल्बम हवा होता. अल्बमपुरती गाणी तयार आहेत, असे हॉलस्टेडने मॅगींना सांगून टाकले. प्रत्यक्षात ती नव्हती. मग स्टुडिओत बसून घाईघाईने गाणी रचली गेली. 'जस्ट फॉर अ डे' हा पहिला अल्बम सप्टेंबर १९९१ मध्ये आला आणि ब्रिटनच्या यादीत ३२ व्या क्रमांकापर्यंत गेला. विशीतल्या मुलांच्या पहिल्या अल्बमला हे यश चांगलेच म्हणायचे. पण तोवर वारे फिरले होते.

वारे का फिरले?

त्या काळी ब्रिटनमध्ये संगीताची साप्ताहिके निघत. एन. एम. ई. आणि मेलडी मेकर ही त्यांतली मोठी. कोणता बँड ऐकायचा, हे तरुण मुले ती वाचून ठरवत. गाणे घरबसल्या ऐकून बघण्याची सोय नव्हती, रेडिओवर अशी गाणी क्वचितच लागत, आणि तबकडी विकत घ्यायची तर खिशातले पैसे मोजावे लागत. त्यामुळे समीक्षकाच्या शब्दाला फार वजन होते. शिवाय दर आठवड्याला मुखपृष्ठावर कोणीतरी नवीन हवे, म्हणून कालचा लाडका आज नकोसा होणे हे तिथे नेहमीचे होते.

नेमका त्याच महिन्यात, २४ सप्टेंबर १९९१ ला, अमेरिकेत निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' आला. निर्वाणा म्हणजे आपला मोक्ष नव्हे, बँडचे नाव. त्या गाण्यांत राग होता, आरडाओरडा होता, आणि काही महिन्यांत सगळीकडे तेच वाजू लागले. त्यापाठोपाठ ब्रिटनमध्ये 'ब्रिटपॉप' आला. स्वेड, ब्लर, पुढे ओएसिस. ठळक चाली, सगळ्यांनी एकत्र गाता येतील असे शब्द, आणि पुढे येऊन कॅमेऱ्याकडे बघणारे गायक. खाली मान घालून वाजवणाऱ्या रेडिंगच्या या मुलांना आता जागा उरली नाही.

त्यात वर्गाचाही प्रश्न होता. ब्रिटनमध्ये तेव्हा मंदी होती, बेकारी वाढली होती. अशा वेळी खाऊनपिऊन सुखी घरांतली मुले ढगांसारखी गाणी करत बसली आहेत, अशी टीका या सगळ्याच बँडांवर झाली. वेल्समधल्या मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स या बँडचा रिची एडवर्ड्स तर म्हणाला होता, की आम्ही हिटलरपेक्षाही स्लोडाइव्हचा जास्त द्वेष करू. हे बोलणे गंमतीचे होते की गंभीर, यावर आजही लोक बोलतात. पण ज्यांच्याविषयी ते बोलले गेले ती मुले विशीतली होती, हे विसरता येत नाही.

१९९३ चा निकाल

दुसऱ्या अल्बमसाठी त्यांनी चाळीसेक गाणी तयार केली. मॅगींनी ती ऐकली आणि सगळी टाकाऊ ठरवली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हॉलस्टेडने ब्रायन ईनो यांना पत्र लिहून अल्बमची निर्मिती करण्याची विनंती केली. ईनो म्हणजे त्या क्षेत्रातले फार मोठे नाव. त्यांनी कळवले, की तुमचे संगीत मला आवडते, पण निर्मिती नको, आपण मिळून काही वाजवू. अल्बममधल्या दोन गाण्यांत त्यांचा हात आहे.

याच सुमारास हॉलस्टेड आणि गॉसवेल यांचे प्रेमाचे नाते संपले होते. हॉलस्टेड काही दिवस वेल्समधल्या एका लहानशा घरात एकटा जाऊन राहिला. परत आला तो शांत, साधी गाणी घेऊन. ती गाणी त्याने गॉसवेलबरोबरच गायली. ज्या दोघांचे नाते तुटले, तेच दोघे त्या तुटण्याविषयीची गाणी एका सुरात गातात. या अल्बममधला हळवेपणा मला म्हणूनच खरा वाटत आला आहे.

'सुव्लाकी' नावाचा तो अल्बम १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. मेलडी मेकरमध्ये डेव्ह सिम्पसन या समीक्षकाने लिहिले, की हा अल्बम पुन्हा ऐकण्यापेक्षा लापशीने भरलेल्या टबात गुदमरून मेलेले बरे. अल्बम ब्रिटनच्या यादीत ५१ व्या क्रमांकावर थांबला. अमेरिकेतल्या कंपनीने तर तो १९९४ उजाडल्यावर बाजारात आणला. सायमन स्कॉट बँड सोडून गेला आणि त्याच्या जागी इयन मॅककचन आला.

आपल्या गुरुजनांपैकी अनेकांनी आयुष्यभर पेपर तपासले आहेत. त्यांना माझे म्हणणे लगेच पटेल. ज्या पेपरात विद्यार्थ्याने अपेक्षित उत्तर लिहिलेले नसते, तो तपासायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. गठ्ठा मोठा असेल आणि वेळ थोडा असेल, तर पहिला फटका अशाच पेपराला बसतो. दर आठवड्याला ढीगभर तबकड्यांवर लिहिणाऱ्या समीक्षकांच्या हातून 'सुव्लाकी'चे तेच झाले असावे. हा अल्बम पहिल्या ऐकण्यात हाताला लागत नाही. चाल गिटारींच्या आवाजाखाली दडलेली असते आणि ती चार-पाच वेळा ऐकल्यावर वर येते.

तिसरा अल्बम आणि शेवट

यानंतर कंपनीला त्यांच्याकडून सोपी, खपणारी गाणी हवी होती. हॉलस्टेड मात्र तेव्हा इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकत होता. त्याने गिटारींचा गोंगाट जवळजवळ काढूनच टाकला. 'पिग्मॅलियन' या तिसऱ्या अल्बममध्ये शांततेलाच जास्त जागा आहे. एखादा सूर, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा तोच सूर. त्यातले पहिलेच गाणे दहा मिनिटांचे आहे. अल्बम फेब्रुवारी १९९५ मध्ये आला आणि आठवडाभरातच क्रिएशनने स्लोडाइव्हशी असलेला करार संपवला.

कंपनीच्या बाजूनेही बघायला हवे. 'पिग्मॅलियन'मध्ये दुकानात खपेल असे एकही गाणे नव्हते. दुसरीकडे त्याच कंपनीच्या ओएसिसचा पहिला अल्बम ऑगस्ट १९९४ मध्ये आला होता आणि तो तडाखेबंद खपत होता. १९९६ च्या ऑगस्टमध्ये ओएसिसने नेबवर्थ येथे दोन रात्रींत मिळून अडीच लाख लोकांसमोर गाणी म्हटली. व्यापाऱ्याने काय निवडावे हे उघड होते. मला खुपते ते एवढेच, की ज्या अल्बमला आज अनेक संगीतकार वाट दाखवणारा मानतात, तो आला त्याच आठवड्यात तो करणाऱ्यांना घराबाहेर काढले गेले.

हॉलस्टेड, गॉसवेल आणि मॅककचन यांनी मोहावी थ्री नावाचा नवा बँड काढला. त्यात पेडल नव्हती, साध्या गिटारीवरची संथ गाणी होती. फोर ए. डी. या कंपनीने त्यांचा अल्बम त्याच वर्षी काढला आणि पुढे दहा-अकरा वर्षे हा बँड चालला. सॅव्हिलने मॉन्स्टर मूव्ही नावाचा बँड सुरू केला. स्कॉट निसर्गातले आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांतून संगीत करू लागला. चॅप्लिन संगीतापासून दूर गेला. स्लोडाइव्ह संपला होता आणि त्याबद्दल कोणी फारसे हळहळतही नव्हते.

कोणी बोलावले नसताना

मी स्लोडाइव्ह पहिल्यांदा ऐकला तो यानंतर, त्यांचा बँड बंद पडून सात-आठ वर्षे झाली तेव्हा. कामावरच्या एका सहकाऱ्याने सीडीवर उतरवून दिला होता. त्या लापशीच्या टबाबद्दल मला काहीच ठाऊक नव्हते. मला फक्त गाणी मिळाली होती. पुढे कळले, की जगभर अनेकांच्या बाबतीत हेच घडत होते.

इंटरनेट आले आणि समीक्षकाची मध्यस्थी संपली. गाणे आधी कानावर पडू लागले, मत नंतर वाचायला मिळू लागले. कुठल्या साली कोणता बँड फॅशनमध्ये होता, हे अमेरिकेतल्या किंवा जपानमधल्या वीस वर्षांच्या मुलाला माहीत असायचे कारण नव्हते. ग्रेग अराकी या अमेरिकन दिग्दर्शकाने आपल्या चित्रपटांत स्लोडाइव्हची गाणी वापरली. २००२ मध्ये बर्लिनच्या मॉर म्युझिक या कंपनीने तर त्यांच्या गाण्यांना वाहिलेला दुहेरी अल्बम काढला. त्यात इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या तरुण कलाकारांनी स्लोडाइव्हची गाणी आपापल्या पद्धतीने पुन्हा केली होती. २०१६ मध्ये पिचफोर्क या अमेरिकन नियतकालिकाने शूगेझच्या सर्वोत्तम ५० अल्बमांची यादी केली. तीत 'सुव्लाकी' दुसरा होता. ज्या मेलडी मेकरने त्याला नापास केले होते, ते साप्ताहिक २००० मध्येच बंद पडले होते.

पुन्हा एकत्र

जानेवारी २०१४ मध्ये बातमी आली, की स्लोडाइव्ह पुन्हा वाजवणार. हॉलस्टेड, गॉसवेल, चॅप्लिन, सॅव्हिल आणि स्कॉट. म्हणजे 'सुव्लाकी'च्या वेळचे पाचही जण. मे महिन्यात बार्सिलोनाच्या प्रिमावेरा महोत्सवात त्यांनी वाजवले. १९९० च्या दशकात त्यांना कधी मिळाली नव्हती एवढी गर्दी आता समोर होती, आणि त्यातले बरेच श्रोते बँड बंद पडला तेव्हा पाळण्यात असतील अशा वयाचे होते.

जुने बँड एकत्र येतात, जुनी गाणी वाजवतात, पैसे घेऊन घरी जातात. त्यात वाईट काही नाही. या पाच जणांनी मात्र नवीन काम हाती घेतले. ऑक्सफर्डजवळच्या ज्या कोर्टयार्ड स्टुडिओत त्यांनी तरुणपणी ध्वनिमुद्रण केले होते, तिथेही ते पुन्हा गेले. मे २०१७ मध्ये त्यांचा चौथा अल्बम आला. तिसऱ्या आणि चौथ्यात बावीस वर्षांचे अंतर. अल्बमला वेगळे नाव नव्हते, फक्त बँडचेच नाव. तो ब्रिटनच्या यादीत १६ व्या क्रमांकापर्यंत गेला.

पाचवा अल्बम 'एव्हरीथिंग इज अलाइव्ह' सप्टेंबर २०२३ मध्ये आला. मधल्या काळात, २०२० साली, गॉसवेलची आई आणि स्कॉटचे वडील वारले. अल्बम त्या दोघांच्या स्मृतीला अर्पण केला आहे. आपल्या वयात अशा अर्पणपत्रिकेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तो अल्बम ६ व्या क्रमांकावर पोहोचला. पहिल्या दहात येण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. बँड सुरू होऊन तेव्हा चौतीस वर्षे झाली होती.

मला हा इतिहास का महत्त्वाचा वाटतो?

या कथेचा "शेवटी सत्याचा विजय होतो" असा सुविचार करून फळ्यावर लिहिता येईल, पण तो खरा ठरणार नाही. त्याच पिढीतले कितीतरी चांगले बँड बंद पडले ते पडलेच. स्लोडाइव्हला काळ बदलल्याचा फायदा मिळाला, हे मान्य करायला हवे. पण काळ बदलला तेव्हा लोकांच्या हाती द्यायला त्यांच्याकडे तीन अल्बम होते, आणि तिसरा तर त्यांनी कोणाचीही मर्जी न सांभाळता केला होता. शिवाय एकमेकांशी बोलणे त्यांनी तोडले नव्हते. हॉलस्टेड आणि गॉसवेल प्रेम संपल्यावरही वर्षानुवर्षे एकत्र गात राहिले. पाच जणांना पुन्हा एका खोलीत बसता आले, ते मला यादीतल्या सहाव्या क्रमांकापेक्षा मोठे वाटते.

आपल्या वर्गात पेटी वाजवणारे होते, तबला वाजवणारे होते, चित्रे काढणारे होते, स्नेहसंमेलनात गाणाऱ्या मुली होत्या. दहावीनंतर बहुतेकांनी ते बाजूला ठेवले. कोणाला मार्क कमी पडले, कोणाला घरून सांगितले गेले, कोणाला एखाद्या स्पर्धेत परीक्षकाने काहीतरी लागेल असे बोलून दाखवले. आता आपण पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहोत. तो परीक्षक कोण होता हेही आता आठवत नसेल, पण त्याचा निकाल आपण अजून पाळतो आहोत. तो पाळायलाच हवा असे नाही. मेळाव्याच्या दिवशी सभागृहात पेटी आणि तबला ठेवणार असल्याचे मला समजले आहे. ज्यांच्यासाठी ते ठेवले आहेत, त्यांना आपण सगळे ओळखतो. त्यांनी टाळाटाळ करू नये ही विनंती.

ज्यांना हा बँड ऐकून बघायचा असेल, त्यांनी 'सुव्लाकी'मधले 'अ‍ॅलिसन' आधी ऐकावे, मग 'व्हेन द सन हिट्स', आणि मग २०१७ च्या अल्बममधले 'शुगर फॉर द पिल'. मोबाइलच्या स्पीकरवर नको, कानाला हेडफोन लावून, रात्री घरचे झोपल्यावर. शब्द शोधत बसू नका. पहिल्यांदा काही कळले नाही तर आठ दिवसांनी पुन्हा ऐका. तरीही आवडले नाही, तर मेळाव्यात मला तसे सांगा. लापशीचा टब मात्र मागवू नका.